घरच्यांच्या पैशावर अभ्यास करताना मन आजारी पडलं, तर घरी सांगा

स्पर्धा परीक्षेसाठी पहिल्यांदा पुण्यात येणारी पोरं खोली, खानावळ आणि अभ्यासिका यांची नीट चौकशी करून येतात. मन आजारी पडलं तर कुठं जायचं, हे मात्र कुणी विचारून ठेवत नाही. ज्यांच्या घरून येणारा पैसा सोयाबीन विकून, नाहीतर आडत्याकडून उचल घेऊन येतो, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितोय.

मी लातूर जिल्ह्यातला. घरी कोरडवाहू जमीन, सोसायटीचं पीककर्ज, बहिणीचं लग्न व्हायचं. पूर्वपरीक्षा थोडक्यात हुकली आणि त्यानंतर हळूहळू सगळं बिघडत गेलं. पहाटे तीनला जाग यायची ती छातीत धडधड घेऊनच. राज्यघटनेचं एकच पान तासभर समोर असायचं आणि डोक्यात काही उतरायचं नाही. खानावळीतल्या ताटातली भाजी तशीच राहायची. वडील, म्हणजे आमचे अण्णा, फोनवर विचारायचे, "पैसे आले का?" तो साधा प्रश्न ऐकूनही रडू यायचं.

त्या दिवसांत एकच विचार डोक्यात असायचा, की माझ्यामुळे घर बुडतंय आणि त्यात ही आणखी एक भानगड सांगायची तरी कशी. याबद्दल पुढं डॉक्टरांनी जे समजावलं ते मला फार मोलाचं वाटतं. पैशाची चिंता खरी असते, ती औषधानं जात नाही. पण 'मी घराला ओझं झालोय' असं जे मन सतत सांगत राहतं, त्यात आजाराचा मोठा हात असतो. या दोन गोष्टी वेगळ्या केल्या की बोलायला तोंड फुटतं.

घरी सांगताना आजाराच्या नावापासून सुरुवात करू नका, जे होतंय ते सांगा. झोप लागत नाही, जेवण जात नाही, वाचलेलं लक्षात राहत नाही, हे कुठल्याही आईबापाला कळतं. मी आधी आईला सांगितलं. तिनं पहिल्यांदा नजर काढायचं म्हटलं, मी वाद घातला नाही. ते चुलीपाशी होऊ दे, दवाखान्यात मात्र मी जाणार, एवढंच म्हणालो. अण्णांचा पहिला प्रश्न होता, "किती खर्च येईल?" हा प्रश्न आला तर मनाला लावून घेऊ नका. ज्या माणसाला दर हंगामात पेरणीचा हिशेब करावा लागतो, तो काळजीसुद्धा हिशेबातूनच करतो. म्हणून उत्तर तयार ठेवा.

उत्तर असं आहे. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. पुण्यात औंधचं जिल्हा रुग्णालय आणि येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय या विभागाकडे आहेत. येरवडा म्हटलं की माणसं दचकतात, पण तिथंही बाह्यरुग्ण विभाग आहे, दाखवून त्याच दिवशी परत येता येतं. ससून हे सरकारी रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्यानं ही सवलत तिथं लागू नाही, तरी खासगीच्या मानानं खर्च फारच कमी. यातलं काहीच जमत नसेल तर १४४१६ हा 'टेलि-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आणि जगणं नकोसं वाटत असेल तर उद्यावर ढकलू नका. त्याच क्षणी हा नंबर लावा, शेजारच्या कॉटवरच्या पोराला उठवा, खोलीत एकटे थांबू नका.

नोकरीच्या वेळी हे बाहेर येईल, या धास्तीनं कितीतरी जण जात नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय. कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर तुमची माहिती डॉक्टर परस्पर कुणाला देऊ शकत नाहीत. तुम्ही मोठ्या क्लासला असाल तर तिथंही विचारा. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्था आणि क्लासेसना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलंय.

पैशाचं बोलणंही त्याच बैठकीत उरकून घ्या, ते मागं ठेवलं की पुन्हा कुढणं सुरू होतं. अभ्यास होत नसतानाही खोली, खानावळ आणि अभ्यासिकेचे पैसे जातच असतात. मी कागदावर महिन्याचा खर्च लिहून अण्णांपुढं ठेवला आणि पुढची परीक्षा सोडतोय हे स्पष्ट सांगितलं. चुलत्यांनी "ही सगळी सोंगं" म्हटलं, गावात कुजबुज झाली. अण्णा दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आधी बरा हो, मग बघू." काही महिने गावी राहिलो. झोप जागेवर आल्यावर अप्पा बळवंत चौकातल्या एका प्रकाशकाकडे मुद्रितशोधनाचं काम धरलं. पगार बेताचा होता, पण खानावळीचे पैसे माझे मी देऊ लागलो. अभ्यासाला पुन्हा बसलो तो त्यानंतर.

गोळ्यांबद्दल एक सांगतो. गुण यायला काही आठवडे लागतात आणि आधी थोडी सुस्ती, मळमळ असं काही जाणवू शकतं. तेवढ्यावरून बंद करू नका. बरं वाटतंय म्हणून मनानं सोडूनही देऊ नका, कमी करायच्या त्या डॉक्टरांना विचारूनच.

जमलं तर एका फेरतपासणीला घरच्यांना सोबत न्या. डॉक्टरांपुढं त्यांचे प्रश्न त्यांनाच विचारू द्या. अण्णांनी माझ्याविषयी सगळं विचारून झाल्यावर टोपी हातात धरून विचारलं, "साहेब, मला बी कर्जाच्या इचारानं झोप येत न्हाई, त्याचं काय?" डॉक्टरांनी त्यांना तिथंच बसवून घेतलं. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत सरकारनं 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला होता, हे आम्हाला तेव्हा कळलं. तुमच्या घरातही अशी माणसं असतील, त्यांनाही विचारा.

दवाखान्यात जाताना जुना केसपेपर आणि चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या. सकाळी खिडकी उघडायच्या आधी पोहोचा, अकरानंतर रांग फार वाढते. आणि झोप, भूक, अभ्यासाचे तास हे आठवडाभर वहीत टिपून न्या. आत गेल्यावर आयत्या वेळी काही आठवत नाही.