पुठ्ठ्याचा चेहरा: आधी थर मोजा

कलेच्या तासाला जुन्या खोक्यांपासून स्वतःचा चेहरा करायचा असेल, तर मुलांना आधी आरशात बघून थर मोजायला सांगा. सगळ्यात मागे खांद्यावर रुळणारे केस, मग मान, कान, चेहरा, नाक आणि सर्वांत पुढे कपाळावरची बट किंवा चष्मा. डोळे हमखास फार वर काढले जातात. ते डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात, हे बोटांनी मोजून बघू द्या.

नाक, ओठ, भुवयांसाठी टूथपेस्टच्या खोक्याचा पातळ पुठ्ठा घ्या, तो साध्या कात्रीने कापता येतो. खालच्या आधारासाठी मोठ्या खोक्याचा जाड पुठ्ठा. तो कटरने मोठ्यांनीच कापावा.

खरी गंमत केसांत आहे. जाड पुठ्ठ्याचा वरचा कागद ओल्या फडक्याने किंचित भिजवून अलगद सोला, की आतल्या लाटा उघड्या पडतात. लाटा उभ्या ठेवल्या तर सरळ केस. छोटे तुकडे वेगवेगळ्या दिशांना फिरवून लावले तर कुरळे. माझं ऐकाल तर यांना रंग देऊच नका, पुठ्ठ्याचा मूळ तपकिरी रंगच फार सुंदर दिसतो.

थर एकमेकांवर थेट चिकटवू नका. मध्ये नखाएवढे दोन-तीन तुकडे ठेवले की सावली पडते, चेहऱ्याला उठाव येतो. फेविकॉल पातळच लावा, आणि चेहरा रंगवताना पोस्टर कलरमध्ये पाणी कमी घाला, नाहीतर पुठ्ठा वाकतो. वाकलाच, तर वाळल्यावर वह्यांच्या गठ्ठ्याखाली रात्रभर दाबून ठेवा; पण हे थर चिकटवण्याआधी.