साताऱ्याहून लंडन : अंतर आणि वेळ यांचा हिशेब कसा मांडावा

मुंबईहून दुपारी २ वाजता निघून संध्याकाळी ६:३० वाजता लंडनच्या हीथ्रो विमानतळावर पोहोचणारे तिकीट पाहून प्रवास साडेचार तासांचा आहे असा समज करून घेऊ नये. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, म्हणून हा प्रवास १० तासांचा ठरतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे एक तास पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे येतात. त्या काळात फरक साडेचार तासांचाच धरावा. पश्चिमेकडे जाताना हा फरक तिकिटावरून काढलेल्या तासांत मिळवायचा आणि परतताना वजा करायचा, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

अंतर मोजण्यासाठी भिंतीवरचा सपाट नकाशा उपयोगाचा नाही. शाळेतला पृथ्वीगोल घ्यावा, दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरावा आणि तीच लांबी विषुववृत्तावर ठेवून पाहावी. विषुववृत्ताचा घेर सुमारे ४०,०७५ किलोमीटर असल्याने त्याच्या प्रत्येक अंशाला १११ किलोमीटर येतात. मुंबई ते हीथ्रो हा दोरा साधारण ६५ अंश भरतो, म्हणजे सुमारे ७,२०० किलोमीटर. न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणला तर तो सरळ पश्चिमेला न जाता नॉर्वेवरून जातो, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला आपला हात चुकला असेच वाटते. पण गोलावरची सर्वांत जवळची वाट तीच असते. वैमानिकांच्या भाषेत अंतर सागरी मैलांत सांगतात आणि एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

ताशी ९०० किलोमीटर वेगाने ७,२०० किलोमीटरला ८ तास लागायला हवेत. उरलेला वेळ कुठे जातो, हे समजून घेणे आवश्यक आहे. विमान कंपनी वेळ मोजते ती विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर लागेपर्यंत, त्यामुळे धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरणे आणि आकाशात घिरट्या घालत वाट पाहणे हे सारे त्यात येते. शिवाय ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह जाताना समोरून येतात आणि परतताना पाठीशी राहतात, म्हणून परतीचा प्रवास बहुधा तासाभराने लवकर संपतो. एखाद्या देशाचे आकाश बंद झाले, जसे २०१९ मध्ये पाकिस्तानचे काही महिने झाले होते, तर वळसा पडतो आणि दोऱ्याचा हिशेब अपुरा ठरतो.

आपल्याकडच्या माणसाने मात्र हिशेब साताऱ्यातल्या घराच्या दारापासूनच मांडावा. मुंबई सुमारे २५० किलोमीटर आहे, आणि खंबाटकी व बोरघाट या दोन ठिकाणी वाहतूक कधी अडेल याचा भरवसा नसल्याने ७ तास हाताशी ठेवावेत. आंतरराष्ट्रीय विमानासाठी ३ तास आधी पोहोचायचे, म्हणजे दुपारी २ च्या विमानासाठी पहाटे ४ ला गाडी हलली पाहिजे. लंडनला पासपोर्ट तपासणी आणि सामान यांत दीड तास धरला तर बाहेर पडताना तिथे रात्रीचे ८ आणि साताऱ्यात मध्यरात्रीनंतरचा दीड वाजलेला असेल, म्हणजे दारापासून एकूण साडेएकवीस तास. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घेताना याच तासांचा कागद त्यांच्यासमोर ठेवावा.