डॅपीचे ठिपके मायटोकॉन्ड्रियाचे की मायकोप्लाझ्माचे? या चुका टाळा

डॅपीने (डीएनएला चिकटून चमकणाऱ्या रंगाने) रंगवलेल्या पेशींत केंद्रकाबाहेर बारीक ठिपके दिसले की कुणी 'हा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए' म्हणून मोकळं होतं, तर कुणी मायकोप्लाझ्मा (पेशींच्या संवर्धनात शिरणारा अतिसूक्ष्म जीवाणू) समजून घाबरून फ्लास्कच फेकून देतं. आधी दोन पेशींमधली रिकामी काच बघा. मायटोकॉन्ड्रियाचे ठिपके पेशीच्या आत, मायटोट्रॅकरने (मायटोकॉन्ड्रिया दाखवणाऱ्या रंगाने) उजळलेल्या धाग्यांवर बसतात. मायकोप्लाझ्मा पेशीच्या कडांना चिकटतो आणि रिकाम्या काचेवरही सापडतो. मेलेल्या पेशींचा कचरा मात्र दोघांचंही सोंग घेतो, म्हणून नुसत्या डॅपीवर निकाल देऊ नका.

'मीडियम (पेशी वाढवायचा पोषक द्रव) स्वच्छ आहे, पेनिसिलिन घातलंय' हा युक्तिवाद तर सोडूनच द्या. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नसते, मग पेनिसिलिन कशावर काम करणार? तो ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही निसटतो आणि मीडियम गढूळ होत नाही.

मायकोप्लाझ्माच्या पीसीआरसाठी (डीएनएच्या प्रती वाढवून तो ओळखणारी चाचणी) नुकतंच बदललेलं मीडियम देणं ही हमखास होणारी चूक. पेशी दोन-तीन दिवस अँटिबायोटिकशिवाय दाट वाढू द्या, मग नमुना घ्या. जुन्या मीडियममधले घटक पीसीआर अडवतात, त्यामुळे त्याच नमुन्यात थोडा ज्ञात डीएनए मिसळून एक नळी वेगळी चालवा. तीही कोरी आली तर 'निगेटिव्ह'ला काही अर्थ नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ ऱ्हो-शून्य पेशींत होतो. इथिडियम ब्रोमाइडने मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए घालवलेल्या या पेशी युरिडिन आणि पायरुवेटवर जगतात (किंग आणि अटार्डी, १९८९). मायकोप्लाझ्माची एन्झाइम्स युरिडिन तोडतात. पेशी मरतात आणि दोष बिचाऱ्या मीडियमवर जातो. उलट, अशा पेशीत मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएचा पीसीआर पॉझिटिव्ह आला म्हणून तो डीएनए उरलाय असंही समजू नका. केंद्रकाच्या डीएनएत मायटोकॉन्ड्रियाचे जुने तुकडे अडकलेले असतात, प्रायमर (पीसीआरमध्ये लक्ष्य शोधणारे डीएनएचे छोटे तुकडे) त्यांनाही पकडतात.

मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएच्या प्रती प्रति नॅनोग्रॅम डीएनए मोजल्यात? त्या नॅनोग्रॅममध्ये मायकोप्लाझ्माचाही डीएनए असू शकतो, म्हणजे आकडा विनाकारण खाली येतो. एकाच नमुन्यात बी२एमसारख्या केंद्रकीय जनुकाशी गुणोत्तर काढा.

मायकोप्लाझ्मा मारायला औषध देऊन लगेच मायटोकॉन्ड्रियाचं मोजमाप घेणं सगळ्यात महागात पडतं. डॉक्सिसायक्लिन मायटोकॉन्ड्रियातली प्रथिननिर्मिती रोखतं, सिप्रोफ्लॉक्सॅसिन तिथल्या डीएनएच्या प्रती बनण्यात अडथळा आणतं. शक्य असेल तर ती दूषित पेशी टाकून गोठवलेली स्वच्छ व्हायल काढा, किंवा पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रासारख्या संग्रहातून नवी मागवा. पेशी मोलाचीच असेल तर उपचारानंतर किमान दोन आठवडे औषधाशिवाय वाढवा, पुन्हा चाचणी करा आणि तोवर तिला वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये ठेवा. हूडमध्ये (निर्जंतुक हवेच्या कपाटात) तिचं काम दिवसाच्या शेवटी करा.