छोट्या बोटीत एसी बसवताना: आधी पाण्याची वाट

बोटीत एसी बसवायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती टनाचा घेऊ?" मीही तेच विचारत फिरले होते. आता मला कुणी विचारलं, तर मी उलट विचारते, "नळी कुठून कुठे नेणार?" आमच्या २४ फुटी बोटीत या कामाला दहा दिवस लागले आणि त्यातले सात नळ्यांनी खाल्ले. एसीचं यंत्र जागेवर ठेवून स्क्रू आवळायला दीड तास पुरला.

घरच्या स्प्लिट एसीत खोलीतली उष्णता बाहेरच्या युनिटचा पंखा हवेत फेकतो. बोटीच्या एसीत ती खालच्या पाण्यात जाते. पंप बाहेरचं पाणी आत ओढतो, ते कंडेन्सरच्या गुंडाळीतून फिरतं आणि कोमट होऊन परत बाहेर पडतं. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, गार हवेची कॉइल, सगळं एकाच ट्रेवर जोडलेलं येतं. गॅस कारखान्यातच भरलेला असतो, त्याला हात लावायचा नसतो. हे काम आपलं आपण करता येतं ते याचमुळे.

त्याआधी एक सोपा मार्ग सांगून टाकते. पहिल्या उन्हाळ्यात मी केबिनच्या दाराच्या मापाची प्लायवूडची फळी कापली आणि तिच्यात छोटा विंडो एसी अडकवला. केबिन गार झाली, खोटं कशाला बोलू! बोट कायम धक्क्याला बांधलेली असेल, तर तुम्हीही तेवढंच करा आणि पुढचं वाचायचे कष्ट वाचवा. मात्र दार अडतं, म्हणून नाळेकडचं, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाचं झाकण आतून उघडून माणूस बाहेर पडू शकतो का, हे आधी पाहा. आणि बोट हलवायची म्हटलं की ते धूड उतरवावं लागतं. एका नळीचा फिरता एसी मात्र घेऊच नका. तो केबिनमधलीच हवा बाहेर टाकतो आणि तितकीच गरम हवा फटीफटीतून आत येते.

आता क्षमता. डेकखालच्या, बऱ्याचशा पाण्याखाली असलेल्या केबिनला दर चौरस फुटाला ६० बीटीयू (गारव्याची ताकद मोजायचं एकक) धरतात, अर्धवट वर असलेलीला ९० आणि चहूबाजूंनी काचा असलेल्या वरच्या केबिनला १२०. आमची केबिन नाळेकडे निमुळती होत जाते, जमीन भरते ५५ चौरस फूट, दोन्ही बाजूंना खिडक्या. ९० ने गुणलं तर ४,९५० येतात. मी ६,००० बीटीयूचा, म्हणजे अर्ध्या टनाचा घेतला. "असू दे मोठा" म्हणून १०,००० चा घेतला असता, तर तो पाच मिनिटांत हवा गार करून बंद पडत राहिला असता. हवेतला दमटपणा जायला यंत्र सलग चालावं लागतं. नाहीतर केबिन गार होते, पण अंथरूण ओलसर लागतं. खिडक्यांना बाहेरून चमकत्या कापडाची आवरणं लावली, तर लहान यंत्रावरही भागतं.

आता पाणी. एक नियम भिंतीवर लिहून ठेवा: तळाच्या भोकापासून एसीपर्यंत नळी चढतच गेली पाहिजे. क्रम असा: तळातली फिटिंग, तिच्यावर सीकॉक, म्हणजे पाणी बंद-चालू करायचा व्हॉल्व्ह, मग गाळणी, मग पंप, मग एसी, आणि तिथून खाली उतरून बाहेर. हे पंप सेंट्रिफ्यूगल असतात. त्यांना पाणी ढकलता येतं, पण कोरडे असताना ओढून घेता येत नाही. म्हणून पंप आणि गाळणी दोन्ही वॉटरलाइनच्या, म्हणजे बोटीबाहेरच्या पाण्याच्या पातळीच्या, खाली हवीत, म्हणजे पाणी आपोआप पंपात भरतं.

हे सगळं मला पाठ होतं, तरी मी फसले. पंपापासून एसीकडे जाताना मध्ये तळाची एक जाड आडवी पट्टी येत होती. भोक पाडायचा कंटाळा केला आणि नळी तिच्यावरून उडी मारून पलीकडे नेली. अगदी उंटाच्या पाठीसारखा बाक. धक्क्याला एसी दोन दिवस झकास चालला. तिसऱ्या दिवशी लाटांतून फेरी मारून आलो, चालू केला, आणि भाऊ बाहेरून ओरडला, "ताई, पाणी येत नाहीये!" पंप गुणगुणत होता, पण नळी कोरडी. थोड्या वेळात जास्त दाबाची सूचना झळकली आणि कॉम्प्रेसर बंद पडला. लाटांत तळाचं भोक क्षणभर पाण्याबाहेर आलं, हवेचा बुडबुडा आत शिरला आणि त्या बाकात जाऊन बसला. पंपाला तो पुढे ढकलता येईना. मी आधी पंप खोलला, मग वायरिंग तपासलं, मग गाळणी. दीड दिवसानंतर त्या बाकाकडे लक्ष गेलं. शेवटी पट्टीतून भोक पाडलं, त्याच्या कडांना इपॉक्सी भरली, नळी सरळ चढती केली. पुन्हा तक्रार नाही.

तळाला भोक पाडायचं तर बोट पाण्याबाहेरच हवी. इंजिनच्या पाण्याच्या भोकावर तीन तोंडांचा टी जोडून भागवू नका, दोघांची ओढाताण होते. जागा अशी निवडा की बोट चालताना तिथे फेस येत नाही आणि आतून सीकॉकच्या दांड्याला हात पोचतो. बाहेरची जाळी वेगाने चालणाऱ्या बोटीत पुढे तोंड करून लावतात. आधी आतून बारीक भोक पाडून जागा बरोबर आहे ना ते बघा, मगच होल सॉ (गोल भोक कापणारी करवत) लावा. कापलेली चकती हातात घेऊन नीट पाहा. नुसतं फायबर असेल तर उत्तम. दोन थरांमध्ये लाकूड किंवा फोम दिसला, तर भोकाच्या कडेने तो बोटभर खरवडून काढा आणि ती पोकळी घट्ट इपॉक्सीने भरा. नाहीतर पाणी त्या गाभ्यात झिरपतं आणि तळ आतून कुजतो. आतल्या बाजूला जाड ठोकळा बसवा, म्हणजे सीकॉकचा भार पातळ फायबरवर येत नाही.

सीकॉक ब्राँझचा घ्या किंवा बोटीसाठीच बनवलेल्या मजबूत प्लास्टिकचा. घरच्या नळाला लागतो तो पितळी व्हॉल्व्ह इथे चालत नाही. जुन्या मालकाने सिंकसाठी लावलेला तसलाच एक मी काढला. वरून ठीकठाक दिसत होता. पान्याने जोर दिला, तर मानेशी मोडून हातात आला. मोडलेला भाग आतून पिवळा नव्हता, गुलाबीसर आणि भुसभुशीत होता. खाऱ्या पाण्याने पितळेतलं जस्त खाल्लं आणि मागे तांब्याचा चाळणीसारखा सांगाडा उरला. तो तुकडा अजून माझ्या हत्यारांच्या पेटीत आहे.

वॉटरलाइनखालच्या प्रत्येक जोडाला दोन स्टीलचे क्लॅम्प लावा, एकाचा स्क्रू एका बाजूला, दुसऱ्याचा दुसऱ्या बाजूला. नळी तारेने मजबूत केलेली घ्या. बाहेर पडणारं पाणी वॉटरलाइनच्या वर एक-दोन इंचांवर सोडा. त्याहून वर सोडलंत, तर रात्रभर शेजारच्या बोटीलाही धबधबा ऐकू येईल. तिथेच बादली धरून मोजा. अर्ध्या टनाला मिनिटाला सहा-सात लिटर तरी हवेत, आमच्याकडे पाच लिटरची बादली ३५ सेकंदांत भरते. हा आकडा लिहून ठेवा. पुढे कधी वेळ वाढला, तर नळीत शेवाळ किंवा शिंपले धरले असं समजायचं.

हवेचं काम त्यामानाने सोपं. यंत्र मी बर्थखालच्या कपाटात बसवलं. हवा आत घेणारी जाळी खाली, गार हवा सोडणारी जाळी वर, आणि दोघी एकमेकींपासून लांब, नाहीतर गार हवा तशीच परत यंत्रात शिरते. डक्ट, म्हणजे हवा नेणारा पाइप, चार इंची, वरून उष्णतारोधक वेष्टन असलेला, ताणून सरळ बसवलेला. लोंबता डक्ट हवेचा जोर मारतो. एक गोष्ट मात्र जिवाशी आहे: हवा केबिनमधूनच घेतली गेली पाहिजे. कपाटाला इंजिनाच्या किंवा बिल्जच्या (बोटीच्या तळाशी पाणी साचतं त्या पोकळीच्या) बाजूला एकही फट नको. पेट्रोलची वाफ खाली साचते आणि इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्या वायूला वास नसतो. फटी बुजवा आणि केबिनमध्ये त्याचा अलार्म लावा.

कॉइलवर साचलेलं पाणी ट्रेमध्ये जमतं. दमट रात्री ते थेंबभर नसतं, लिटरांत असतं. त्याची नळी सतत उतरती ठेवा आणि छोट्या टाकीत सोडून तिथून पंपाने बाहेर काढा. बिल्जमध्ये सोडलंत, तर आठवड्यात वास येईल.

विजेचं मी स्वतः फक्त तारा ओढण्यापर्यंत केलं, जोडणी तपासायला जाणकार बोलावला. तुम्हीही बोलवा. तार बोटीची, म्हणजे अनेक बारीक धाग्यांची आणि कथिलाचा मुलामा दिलेली. घरातली एकाच जाड तांब्याची तार हादऱ्यांनी तुटते. एसीला वेगळा ब्रेकर आणि ३० मिलिअँपियरवर सुटणारा आरसीडी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, हवाच. गळका करंट पाण्यात उतरला, तर पोहणाऱ्याचा जीव जातो, गोड्या पाण्यात तर धोका जास्तच. धक्क्याची वीज वापरत असाल, तर अर्थच्या तारेवर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर लावा. नाहीतर त्या तारेतून तुमची बोट शेजाऱ्यांच्या बोटींना जोडली जाते आणि तुमचा धातू झिजतो.

बॅटरीवर रात्रभर चालेल का? आमचं यंत्र पंपासकट साधारण ५५० वॅट घेतं. १२ व्होल्टवर ते ४६ अँपियर, इन्व्हर्टरचं नुकसान धरून ५० च्या वर. २०० अँपियर-तासाच्या लेड-ॲसिड बॅटरीतून निम्मीच वीज काढायची असते, म्हणजे दोन तासही धड नाहीत. शिवाय सुरू होताना कॉम्प्रेसर क्षणभर कितीतरी पट जास्त ओढतो. त्यासाठी सॉफ्ट स्टार्टर लावला, तर छोट्या जनरेटरवरही निभतं.

बोट पाण्यात उतरवल्यावर लगेच घाई करू नका. सीकॉक उघडा आणि प्रत्येक जोडाला टिश्यू पेपर लावून बघा. ओल डोळ्यांना दिसण्याआधी कागदाला कळते. मग नुसता पंप चालवा, धार अखंड आली की मगच कॉम्प्रेसर. गाळणी सुरुवातीला दर दोन-तीन दिवसांनी उघडा. आमच्याकडे एकदा जेलीफिश निघाला, त्याचा पार लगदा झालेला.

बोट सोडून जाताना मी सीकॉक बंद करते आणि एसीचा ब्रेकर पाडते. ब्रेकरच्या खटक्यावर एक लाल दोरी अडकवलेली असते, तिचं दुसरं टोक पंपाजवळ, सीकॉकच्या दांड्याला. ती सीकॉकवरून सोडवल्याशिवाय ब्रेकर वर होतच नाही. भाऊ हसतो त्या दोरीला. पण कोरडा पंप जाळणारा पहिला माणूस तोच होता.