चर्चमधल्या जुन्या टीचर बाईंचं काम लिहून ठेवायचंय? असं करा

चर्चच्या मंडळीत एखादी बाई असतेच जिनं आख्खं आयुष्य मिशन शाळा, संडे स्कूल आणि महिला मंडळात घातलं, पण लिहिलेलं काहीच नसतं. तर त्या आहेत तोवर लिहून घ्या.

आधी फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा, त्यांची परवानगी घेऊन. "तुमच्या सेवेबद्दल सांगा" असं विचारू नका हो, त्या लगेच "सगळं देवानंच केलं" म्हणून गप्प होतात. त्यापेक्षा विचारा की पहिला वर्ग कुठं भरायचा, बायबलची वचनं पाठ कशी करून घ्यायचात, नाताळच्या नाटकाला कपडे कुठनं आणायचात, पगार किती नि वेळेवर मिळायचा का, घरचे काय म्हणायचे. पैशाचा आणि घरचा प्रश्न अजिबात सोडू नका, खरं काम तिथंच कळतं.

आणि विद्यार्थ्यांची नावं घ्याच. मिशनरी सिंथिया फरारबाई 1827 ला अमेरिकेतून मुंबईला आल्या, मुंबईत नि मग नगरला मुलींच्या शाळा चालवल्या, 1862 ला नगरलाच वारल्या, पण त्यांच्या वर्गातल्या किती मुली आपल्याला नावानं माहितीयेत?

वर्षं आठवत नसतील तर तेव्हा चर्चचे पाळकसाहेब (पास्टर) कोण होते, दुष्काळ 72 चा का आधीचा, थोरलं लेकरू कितवीत होतं असं विचारा, मग चर्चच्या रजिस्टरशी, सर्व्हिस बुकाशी ताडून बघा. फोटोंच्या मागं पेन्सिलनं नावं लिहा. लिहिताना त्यांची बोली तशीच ठेवा प्लीज, प्रमाण भाषेत नेऊ नका. छापायच्या आधी त्यांना सगळं वाचून दाखवा, त्या जे काढा म्हणतील ते काढा.