कामाच्या ठिकाणी आपलं म्हणणं: नव्याने संघटित होणाऱ्यांसाठी

संघटित व्हायचं ठरवलेले नवे सहकारी बहुतेकदा आधी मागण्यांची यादी करायला बसतात. माझं सांगणं असं, की यादी मागे ठेवा आणि आधी एकेकाशी बोला. सगळ्यांची सभा नको, ग्रुपवर मेसेज तर नकोच, आणि कंपनीचा ईमेल यासाठी अजिबात वापरू नका. एका वेळी एकच माणूस, कामाची वेळ संपल्यावर. विचारायचं एवढंच: "इथली एक गोष्ट तुझ्या हातात असती, तर काय बदललं असतं?" आणि मग गप्प राहायचं. हे गप्प राहणं भल्याभल्यांना जमत नाही.

आमच्याकडे सगळ्यांना वाटत होतं की लोक पगारावर बोलतील. निघालं शिफ्टचं वेळापत्रक. ते शुक्रवारी संध्याकाळी फलकावर लागायचं आणि सोमवारपासून लागू व्हायचं. कुणाच्या घरी आजारी माणूस आहे, कुणाची परीक्षा आहे, हे वेळापत्रक आखणाऱ्यापर्यंत पोहोचतच नव्हतं. कुणी गाऱ्हाणं घेऊन गेलं की साहेब त्याची शिफ्ट बदलून द्यायचे आणि ती दुसऱ्याच्या गळ्यात पडायची. एकेकट्याने मिळवलेली सवलत अशीच असते. म्हणून आम्ही सवलत मागितली नाही. वेळापत्रक ठरतानाच आमचे निवडलेले प्रतिनिधी तिथे असावेत, अशी मागणी केली.

इथे तीन पायऱ्या नीट ओळखा: निर्णय झाल्यावर कळवणं, निर्णयाआधी मत विचारणं आणि संमतीशिवाय निर्णय न घेणं. व्यवस्थापन पहिल्या पायरीलाच 'सहभाग' म्हणून मोकळं होतं. सूचनापेटी बसवली म्हणजे लोकशाही आली असं नाही. जर्मनीत हा फरक कायद्यातच आहे. किमान पाच कायम कर्मचारी असलेल्या आस्थापनेत कर्मचारी मंडळ निवडता येतं, आणि रोजच्या कामाच्या वेळा किंवा जादा काम अशा विषयांत मालकाला त्या मंडळाशी सहमती करावी लागते. नवीन गुंतवणूक कुठे करायची, यात मात्र मंडळाला तसा नकाराधिकार नाही. १९७६ च्या कायद्याने २,००० हून अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांत पर्यवेक्षक मंडळाच्या, म्हणजे व्यवस्थापनावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाच्या, निम्म्या जागा कर्मचाऱ्यांच्या बाजूला दिल्या, तरी मतं समसमान पडली तर अध्यक्षाला जादा मत असतं आणि अध्यक्ष बहुधा भागधारकांच्या बाजूचा असतो. म्हणून खुर्च्या मोजत बसू नका, शेवटचा शब्द कुणाचा ते विचारा.

प्रतिनिधी गुप्त मतदानाने निवडा, कितीही छोटा विभाग असो. जो सगळ्यात मोठ्याने बोलतो तोच योग्य, असं मुळीच नाही. अडचण आली की लोक ज्याच्याकडे जातात, तो माणूस शोधा. आमच्याकडे ती स्टोअरमधली एक अबोल बाई होती. बैठकीत ती फार कमी बोलायची. पण पानभर इतिवृत्त तिथेच लिहून, दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्याशिवाय उठायची नाही. त्या सह्यांमुळे "असं ठरलंच नव्हतं" हे वाक्य आमच्याकडे बंद झालं. एक नियम आम्ही कटाक्षाने पाळला: प्रतिनिधीने बैठकीत हो म्हणायचं नाही. प्रस्ताव आणायचा, सगळ्यांना दाखवायचा आणि मगच उत्तर द्यायचं. याने वेळ जातो, साहेब वैतागतात. वैतागू द्या. आत गेलेली माणसं हळूहळू बाहेरच्यांपासून तुटतात, हा धोका मला व्यवस्थापनाच्या विरोधापेक्षा मोठा वाटतो.

भीतीबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९४८ चा करार क्रमांक ८७ संघटना करण्याचा हक्क मानतो आणि १९४९ चा क्रमांक ९८ संघटनेमुळे होणाऱ्या भेदभावापासून संरक्षण मागतो. पण हातात पडणारं संरक्षण आपापल्या देशाच्या कायद्यावर ठरतं, तेव्हा पहिलं पाऊल टाकण्याआधीच कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला किंवा जुन्या संघटनेला भेटा. कुणाची अचानक बदली झाली, मेमो आला, तर त्याच दिवशी तारीख, वेळ, कोण काय म्हणालं आणि तिथे कोण हजर होतं हे लिहून काढा. एक प्रत घरी ठेवा, आणि त्या माणसाला पुढच्या चौकशीला एकटं पाठवू नका.