ठेवीचे व्याज घटले म्हणून लाभांशाच्या शेअरकडे वळताना

नाशिकरोडच्या मुद्रणालयातून किंवा ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसाच्या हाती एकरकमी पैसा येतो आणि तो बहुधा मुदत ठेवीत जातो. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, २०२५ च्या फेब्रुवारीत ६.५० टक्क्यांवरून उतरू लागला आणि डिसेंबरमध्ये ५.२५ टक्क्यांवर आला. त्यामागोमाग ठेवीचे नूतनीकरण करायला गेलेल्यांच्या हाती कमी दराची पावती पडू लागली. तेव्हापासून ओळखीच्या मंडळींकडून एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत येतो: व्याज घटले, तर चांगला लाभांश देणारे शेअर घ्यावेत का? घ्यावेत की नाही, हे ज्याच्या त्याच्या गरजेवर अवलंबून आहे. घेण्याआधी हिशेब कसा तपासावा, एवढे मात्र सांगता येते.

सर्वप्रथम लाभांशाला व्याज समजणे सोडावे. ठेवीवरचे व्याज हे बँकेचे देणे असते आणि एका बँकेतील एका ठेवीदाराच्या मुद्दल व व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंतच्या रकमेला विमा असतो. लाभांश द्यायचा की नाही, हे मात्र कंपनी दरवर्षी नव्याने ठरवते. एप्रिल २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१९-२० च्या नफ्यातून लाभांश देण्यास मनाई केली, तेव्हा सुस्थितीतील बँकांच्या भागधारकांनाही हात चोळत बसावे लागले. म्हणून किराणा, औषधे आणि विजेचे बिल ज्या पैशातून भागते, तो पैसा शेअरमध्ये नेऊ नये. साठी ओलांडलेल्यांनी आधी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा विचार करावा. तेथे ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते आणि खाते उघडतानाचा दर पाच वर्षे बदलत नाही.

‘पाचशे टक्के लाभांश’ म्हणजे नेमके किती?

ही टक्केवारी शेअरच्या दर्शनी मूल्यावर, म्हणजे कंपनीने शेअरवर नोंदवलेल्या मूळ किमतीवर असते, बाजारभावावर नव्हे. दर्शनी मूल्य २ रुपये असेल, तर पाचशे टक्के म्हणजे शेअरमागे १० रुपये. तोच शेअर बाजारात २०० रुपयांना मिळत असेल, तर आपल्या पैशावरचा उतारा, म्हणजे बाजारभावाच्या तुलनेत मिळणारा लाभांश, ५ टक्के पडतो. आता भाव १२५ रुपयांवर घसरला, तर उतारा ८ टक्के दिसू लागतो; कंपनीने एक पैसाही जास्त दिलेला नसतो. उताऱ्यानुसार लावलेल्या यादीत सर्वांत वर दिसणाऱ्या नावांकडे म्हणूनच संशयाने पाहावे, कारण पुढचा लाभांश कमी होईल हे बाजाराने आधीच ओळखलेले असू शकते. निदान पाच वर्षांचे वार्षिक अहवाल काढावेत, नफ्यातील किती भाग वाटला ते पाहावे आणि ती रोकड धंद्यातून आली की जमीन किंवा उपकंपनी विकून, हे तपासावे. एकदाच मिळालेला विशेष लाभांश हिशेबातून वगळावा.

व्याजदर आणि शेअरचा भाव यांचे नाते थोडे सावकाश समजून घेण्यासारखे आहे. समजा, एखादी कंपनी दरवर्षी न वाढणारा १० रुपये लाभांश देते आणि गुंतवणूकदार तिच्याकडून ८ टक्के परताव्याची अपेक्षा धरतात. तर त्या शेअरची किंमत १२५ रुपये ठरते, कारण १२५ रुपयांचे ८ टक्के म्हणजे १० रुपये. व्याजदर वाढले आणि अपेक्षा ९ टक्क्यांवर गेली, की तीच किंमत सुमारे १११ रुपये होते, म्हणजे ११ टक्के घट. दुसऱ्या कंपनीचा लाभांश पुढल्या वर्षी १० रुपये आणि त्यानंतर दरवर्षी ४ टक्क्यांनी वाढणारा धरला, तर अपेक्षेतून ही वाढ वजा करून उरलेल्या ४ आणि ५ टक्क्यांनी हिशेब करावा लागतो आणि तिची किंमत २५० रुपयांवरून २०० रुपयांवर येते, म्हणजे २० टक्के घट. व्याजदर वाढले की स्थिर लाभांशाचे शेअर सर्वाधिक पडतात, हा समज त्यामुळे अर्धाच खरा आहे. महागाईमुळे व्याजदर वाढलेले असतील, तर मालाचे भाव वाढवू शकणाऱ्या कंपनीचा लाभांशही वाढतो आणि ती घट बरीचशी भरून निघते; करारात बांधलेल्या उत्पन्नाच्या कंपनीला ते जमत नाही. शिवाय कंपनीच्या डोक्यावरील कर्ज पाहावे. मोठे आणि बदलत्या दराचे कर्ज असेल, तर व्याजदर वाढताच लाभांशासाठी उरणाऱ्या पैशालाच कात्री लागते.

लाभांशाच्या आदल्या दिवशी शेअर घेऊन फायदा होतो का?

२०२३ च्या जानेवारीपासून आपल्याकडे शेअरचा व्यवहार लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी पूर्ण होतो. नोंद तारीख, म्हणजे ज्या दिवशी नावावर शेअर असणाऱ्यालाच लाभांश मिळतो ती, शुक्रवारी असेल आणि मध्ये सुट्टी नसेल, तर गुरुवारपर्यंत खरेदी करणाऱ्याला लाभांश मिळतो. पण शुक्रवारी भाव साधारण तेवढ्याच रकमेने कमी उघडतो. हा प्रयोग मी स्वतः केला आहे: लाभांश खात्यात आला, भाव तेवढाच उतरला आणि दलाली व कर खिशातून गेला.

कराचा भाग बहुतेकांना उशिरा कळतो. १ एप्रिल २०२० पासून लाभांश भागधारकाच्या उत्पन्नात मिळवला जातो आणि त्याच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो. तीस टक्क्यांच्या टप्प्यात बसणाऱ्याच्या हाती ५ टक्क्यांतले उपकरासह जेमतेम ३.४४ टक्के उरतात. ठेवीचे व्याजही तसेच करपात्र असल्याने तुलना करताना दोन्ही बाजूंना करोत्तर आकडा घ्यावा. एका कंपनीकडून वर्षात १० हजारांपेक्षा जास्त लाभांश आल्यास ती १० टक्के कर आधीच कापते. विवरणपत्र भरून हिशेब जुळवावा लागतो.

शेवटी, डीमॅट खात्याला जोडलेले बँक खाते चालू आहे ना, हे आजच पाहावे. घर बदलले, शाखा बदलली आणि लाभांश परत गेला, असे नेहमी होते. सलग सात वर्षे लाभांश न घेतल्यास तो पैसा आणि मूळ शेअरही गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. ते परत मिळवता येतात, पण अर्ज करून आणि कागदपत्रांचा भारा जोडून.